भूतान, दोघंच, आपल्या गाडीने : मार्ग आणि मुक्काम ठरवायला मदत हवी

अबोली_खारघर · शुक्रवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

नवरा ३१ ऑक्टोबरला निवृत्त होतोय. नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही दोघंच खारघरहून गाडीने भूतानला जायचं ठरवतोय. मुलगी म्हणते, विमानाने बागडोगऱ्याला उतरा, तिथून गाडी आणि ड्रायव्हर घ्या, कशाला एवढी दगदग. शेजारपाजारचेही तेच म्हणतात.

मला मात्र गाडीनेच जायचंय. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत कोकण, गोवा, हंपी, एकदा राजस्थान, सगळीकडे मी डावीकडच्या सीटवर. पाण्याची बाटली उघडून द्यायची, टोलचे सुटे काढायचे, झोप येऊ नये म्हणून बोलत राहायचं. सेहेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. पाम बीच रोडवर हात बसला, मग एकदा एकटी माहेरी वाईला जाऊन आले. या वेळी नवरा आपणहून म्हणाला, "अर्धं अंतर तुझं." ते अर्धं अंतर मला हवंय, आणि त्यातला डोंगरातला वाटाही हवाय.

कच्चा आराखडा असा: भूतानमध्ये बारा रात्री. थिंफू, पुनाखा, फोबजिखा, त्रोंगसा, बुमथांग, परत येताना पारो आणि 'हा' नावाची दरी. गाडी पाच वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, माझ्या नावावर.

विचारायचंय ते हे: गाडी आत न्यावी का? कागदपत्रं काय लागतात? बारा रात्रींत एवढं होईल का? आणि खारघर ते सीमेवरचं जयगाव किती दिवस धरावेत? नवऱ्याला बीपीची गोळी चालू आहे, तेही लक्षात घेऊन सांगा.

---

घाटवळण · शुक्रवार, रात्री ११.५५

ताई, आम्ही दोघं ठाण्याहून आमची गाडी घेऊन जाऊन आलो. त्यामुळे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी ओळखपत्र. आपल्याला व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, तेही मूळ. आधार चालत नाही. हे ठळक करतोय कारण आम्ही इथेच अडकलो. ज्या एजंटाकडून हॉटेलं घेतली तो फोनवर ठामपणे म्हणाला, आधार पुरतं. माझा पासपोर्ट बरोबर होता, बायकोचा ठाण्यात कपाटात. सीमेपलीकडच्या फुंत्शोलिंगच्या परवाना-खिडकीवरच्या मुलीने आधार दोन्ही हातांनी परत दिलं आणि अगदी मऊ आवाजात नाही म्हणाली. मेव्हण्याने पासपोर्ट कुरियरने पाठवला, तो येईपर्यंत चार दिवस आम्ही जयगावच्या लॉजवर. खिडकीतून भूतानची रंगीत कमान दिसायची. बायको रोज संध्याकाळी तिथे उभी राहून पलीकडे बघायची. ते अजून आठवलं तरी मला वाईट वाटतं.

दुसरं, पैसे. सप्टेंबर २०२२ मध्ये भूतान पुन्हा उघडलं तेव्हापासून भारतीयांना माणशी, रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. आपली गाडी फुंत्शोलिंगच्या पुढे न्यायची तर दिवसाला ४,५०० वेगळे. तुमच्या बारा रात्रींचा हिशेब मांडतो: शुल्क दोघांचं २८,८००, गाडीचे तेरा दिवस धरून ५८,५००. म्हणजे राहणं, जेवण, पेट्रोल सोडून ८७,३००.

तिसरं, गाडीचा विमा. आपली पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. भूतान, नेपाळ वगैरे शेजारी देशांसाठी 'जिऑग्राफिकल एक्स्टेंशन' नावाची जोड घेता येते. विमा कंपनीला लेखी कळवा, थोडा जादा हप्ता भरा, आणि ते पान छापून गाडीत ठेवा. आरसी, पीयूसी, लायसन्स सगळं मूळ हवं. गाडी तुमच्या नावावर आहे हे बरं झालं, परवान्याच्या अर्जावर तुमचंच नाव लागेल.

चौथी गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही. थिंफू आणि पारो सोडून पुढे जायचं तर सोबत स्थानिक गाइड असावाच लागतो. तो तुमच्याच गाडीत बसेल.

---

पाचपाखाडी · शनिवार, सकाळी ८.१०

घाटवळण यांनी आकडे दिलेच आहेत. मी उलट बाजू मांडते. दिवसाला साडेचार हजार फक्त गाडी आत नेण्याचे. शिवाय चोवीसशे किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, वाटेतले मुक्काम. आम्ही मुंबईहून बागडोगऱ्याला उतरलो, फुंत्शोलिंगला स्थानिक गाडी आणि चालक घेतला. चालकाला प्रत्येक वळण पाठ होतं आणि माझ्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा घाटात खिडकीबाहेर बघितलं. साठीला आलेल्या माणसाला तेही सुख द्यायला हवं ना?

अबोलीताई, तुमची इच्छा कळते. पण जयगावपर्यंत तुम्ही चालवा, गाडी तिथे ठेवा आणि आत दोघंही मागे बसा, असंही करता येईल.

---

अबोली_खारघर · शनिवार, सकाळी ९.३०

घाटवळण, तुमची पोस्ट वाचली आणि आधी कपाट उघडलं. माझ्या मतदार कार्डावर अजून माहेरचं आडनाव आहे! पासपोर्टवर सासरचं. दोघांचेही पासपोर्टच नेणार. तुमच्या त्या चार दिवसांबद्दल वाचून गलबललं. तुमच्यामुळे आमचे वाचले.

पाचपाखाडी, तुमचं म्हणणं आत्ताच नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मी तर बाहेरच बघणार आहे, चालवणार तू आहेस." त्यामुळे गाडी आत जाईल हे नक्की झालं. मात्र ८७ हजार जास्त होतात. काहीतरी कमी करावं लागेल.

गाइडचं ऐकून खरंच थोडी हिरमुसले. दोघंच म्हणून निघालो होतो.

---

मोरपिशी · शनिवार, दुपारी १.१५

गाइडसाठी हिरमुसू नका हो. आमच्याबरोबर एक मुलगी होती, पंचविशीतली. मागच्या सीटवर गुडघ्यावर हात ठेवून बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. दोचुला खिंडीच्या उतारावर मात्र एकदाच पुढे वाकून म्हणाली, "आंटी, सेकंड गिअर." ब्रेकला वास यायला लागला होता, मला कळलंच नव्हतं. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबलो, तिने पिशवीतून भाजलेला मका काढून दिला. 'कुझुझांगपो ला' म्हणजे नमस्कार आणि 'कादिन्छे ला' म्हणजे आभार, हे तिनेच शिकवलं. प्रत्येक चेकपोस्टवर म्हणा. पोलिसाचा चेहरा उजळतो.

आता कमी काय करायचं ते सांगते: बुमथांग काढा. भूतानच्या नकाशात अंतरं बोटभर दिसतात, पण तिथे तासाला तीस किलोमीटर पडले तरी पुष्कळ. थिंफू ते पुनाखा जेमतेम पंचाहत्तर किलोमीटर, अडीच-तीन तास घ्या. बुमथांग धरलं तर चार दिवस नुसते रस्त्यावर जातात आणि संध्याकाळी खोलीवर पोचून पाय चोळत बसायची वेळ येते.

ते दिवस फोबजिखाला द्या. तुम्ही नोव्हेंबरात जाताय आणि काळ्या मानेचे क्रौंच तिबेटच्या पठारावरून ऑक्टोबरच्या अखेरीपासून तिथे उतरायला लागतात. काही शे पक्षी. वर टेकडीवर गांगतेचा मठ, खाली सपाट, पिवळी पडलेली पाणथळ दरी. पक्ष्यांना तारांचा धोका नको म्हणून दरीतली वीज जमिनीखालून नेली आहे, त्यामुळे डोळ्यांसमोर एकही खांब येत नाही. संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला आम्ही पायवाटेवर उभे होतो. आधी आवाज आला, लांबून कुणी पितळी भोंगा फुंकावा तसा. मग ते रांगेने आले, पाय मागे ताणलेले, आणि पाण्यात एकेक उतरले. येताना आणि जाताना ते मठाला तीन प्रदक्षिणा घालतात अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. आम्ही मोजल्या नाहीत. नवऱ्याने माझा हात धरला होता एवढं आठवतंय.

एक रात्र ठेवलीत तर संध्याकाळ मिळेल, पहाट मिळणार नाही. दोन ठेवा. थंडी कडाक्याची असते, रात्री पारा शून्याखाली जातो. खोलीत लाकडाची शेगडी आहे का ते आधी विचारा.

---

तोरणा_ते_तिस्ता · शनिवार, दुपारी ३.४०

बुमथांग काढण्याला माझा विरोध नोंदवतो. तिथली जांबे ल्हाखांग आणि कुर्जे ही मंदिरं पाहिल्याशिवाय भूतानचा आत्मा कळत नाही. पेले ला खिंड ओलांडून त्रोंगसाचा झोंग, म्हणजे किल्लावजा मठ, दरीपलीकडे दिसायला लागतो आणि पुढे कितीतरी वेळ तो नुसता दिसतच राहतो, जवळ येत नाही. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

---

मोरपिशी · शनिवार, दुपारी ४.०५

तोरणा, दृश्य अप्रतिम आहे हे मान्यच. पण तुम्ही अठरा दिवसांसाठी गेला होतात आणि मोटारसायकलवर एकटे होतात. पहिल्यांदा हिमालयात गाडी चालवणाऱ्या दोन माणसांना मी ते सांगणार नाही.

---

घाटवळण · शनिवार, संध्याकाळी ६.२०

मोरपिशींना अनुमोदन. मी असं सुचवेन: सीमेवरची रात्र जयगावात काढा आणि सकाळी लवकर आत शिरा. थिंफू २, पुनाखा १, फोबजिखा २, पारो २, हा १. आठ रात्री. शुल्क १९,२००, गाडीचे नऊ दिवस ४०,५००, एकूण ५९,७००. साडेसत्तावीस हजार वाचले. शनिवार-रविवार धरून सीमेवर पोचू नका, सरकारी कचेऱ्या बंद असतात. आणि घड्याळ अर्धा तास पुढे करा.

फुंत्शोलिंग सोडलं की रिंचेंडिंगला परवाने तपासतात, तिथून चढ सुरू. गेडूच्या आसपास भर दुपारी धुकं उतरतं. पिवळे दिवे लावा, पुढच्या ट्रकच्या मागे शांतपणे राहा. तिथले चालक उगाच हॉर्न वाजवत नाहीत. मागचा घाईत असेल तर जागा मिळताच बाजूला व्हा, तो हात दाखवून जाईल. छुझोमला पारोची आणि थिंफूची नदी एकत्र येते, संगमावर नेपाळी, तिबेटी आणि भूतानी अशा तीन घडणींचे तीन चोर्तेन, म्हणजे स्तूप, आहेत. तिथे चहाला थांबा.

नवऱ्यांच्या बीपीबद्दल: थिंफू साधारण २,३०० मीटरवर आहे, पुनाखा त्याहून पुष्कळ खाली, १,२०० च्या आसपास. खरी उंची पारोहून हाला जाताना चेले ला खिंडीत, ३,९८८ मीटर. ती तुमच्या आराखड्यात शेवटी येते हे उत्तम, तोवर शरीर सरावलेलं असेल. तरी निघण्यापूर्वी डॉक्टरांना हा आकडा दाखवाच.

---

नेरूळचा_वारा · शनिवार, रात्री ९.५०

मी भूतानला कधी गेलो नाही, तरी लिहावंसं वाटलं.

माझे वडील १९८२ ते ८५ चुखाच्या जलविद्युत प्रकल्पावर होते. भारताने बांधून दिलेला, ३३६ मेगावॉटचा. तुम्ही फुंत्शोलिंगहून थिंफूला जाताना तो वाटेतच लागेल. आम्ही तेव्हा ठाण्यात चरईत भाड्याच्या दोन खोल्यांत. वडिलांचं पत्र यायला दोन-दोन आठवडे लागत. ते वर्षातून एकदा येत, ट्रंकेत द्रुक कंपनीच्या जॅमचे डबे असत. डबा संपला की आई त्यात मोहरी भरून ठेवी.

त्यांच्याकडूनच ऐकलेलं: हा रस्ता सीमा सडक संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाने बांधला, १९६१ मध्ये काम सुरू झालं. त्याआधी भूतानमध्ये मोटारीचा रस्ताच नव्हता. १९५८ मध्ये पंडित नेहरू पारोला गेले ते नथु ला ओलांडून, चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून. वडील म्हणत, आम्ही जीपने जातो त्या वाटेवर किती मजुरांची हाडं आहेत ते विसरू नका. डोंगर कापताना दरडी कोसळून पुष्कळ माणसं गेली, आपलीही आणि त्यांचीही. वाटेत दंतकची स्मारकं आहेत.

वडील गेल्याला अकरा वर्षं झाली. ताई, जमलं तर चुखाला दोन मिनिटं थांबाल का? फोटो नको. नुसतं थांबा.

---

अबोली_खारघर · शनिवार, रात्री १०.३०

दादा, थांबू. नक्की थांबू.

---

समृद्धीवरून · रविवार, सकाळी ७.२५

भारतातल्या वाटेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी कामानिमित्त नागपूर आणि पुढे सतत जातो.

खारघरहून पहाटे साडेचारला निघा, उजाडल्यावर शिळफाट्याला अडकलात तर पहिला दिवस तिथेच संपतो. भिवंडीजवळ आमण्याला समृद्धी महामार्ग पकडा. जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे. तो एका दमात करू नका. सरळ सिमेंटचा रस्ता, डोळा लागतो आणि टायर तापतात. दर दीड-दोन तासांनी चालक बदला. टायर जुने असतील तर निघण्याआधीच बदला, हवा थंड टायरवर तपासा. पहिला मुक्काम नागपूरच्या अलीकडे कुठेही.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून सिवनीमार्गे जबलपूर. पेंचच्या जंगलात रस्ता लांबच्या लांब खांबांवर उचललाय, खालून जनावरं जातात. तिसरा दिवस रीवामार्गे वाराणसी, चौथा मुजफ्फरपूर, पाचवा दरभंगा, कोसीवरचा महासेतू, अररिया, किशनगंज करत सिलिगुडी. सहाव्या दिवशी डुआर्सच्या चहाच्या मळ्यांमधून जयगाव, दीडशेच्या वर थोडं. या शेवटच्या पट्ट्यात हत्ती रस्ता ओलांडतात. संध्याकाळनंतर तिथे गाडी नकोच. हाताशी एक दिवस असेल तर मदारीहाटला राहून जलदापाडाचे गेंडे बघा.

काकूंनी डोंगर घ्यावा, काकांनी बिहारमधलं शहरी ट्रॅफिक घ्यावं, असं सुचवतो. आणि आधी दोन-तीनदा माळशेज करून या. पूर्ण सामान भरून, एसी लावून, चढावर थांबून पुन्हा गाडी उचलायचा सराव करा. भूतानमध्ये तेच सारखं करावं लागतं.

---

सुगरण_ऐरोली · रविवार, सकाळी ११.००

खाण्याचं राहिलं की! तिथे मिरची ही भाजी आहे, फोडणीपुरती नाही. 'एमा दात्शी' म्हणजे मिरच्या आणि चीज. हिरव्या लांब मिरच्या उभ्या चिरून, कांदा-टोमॅटो घालून शिजवतात, वरून चीज वितळवतात. लाल तांदळाच्या भाताबरोबर वाटीभर मिरची समोर येते. ठेचा खाऊन वाढलेल्या माझ्यासारखीच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी दुसऱ्यांदा मागून घेतली. सोसत नसेल तर 'केवा दात्शी' मागा, बटाट्याची. अळंब्यांची 'शामू दात्शी'. शाकाहारी माणसाची बिलकुल उपासमार होत नाही.

नोव्हेंबरात पारोच्या घरांच्या पत्र्यांवर मिरच्या वाळत घातलेल्या असतात. आख्खं छप्पर लाल. हाला गेलात तर 'होएन्ते' खा, कुट्टूच्या पिठाचे, आत पालेभाजी आणि चीज.

बीपीवाल्यांनी लोण्याचा खारट चहा, 'सुजा', जपून प्यावा.

---

पाचपाखाडी · रविवार, दुपारी १२.४५

अबोलीताई, गाडी नेताय तर नेताय, आता माझीही मदत घ्या. पारोला पहिल्या दिवशी ताक्त्सांग मठ चढू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पायथ्याशी असा. मठ ३,१२० मीटरवर, कड्याला चिकटलेला. मूळ १६९२ चा, १९९८ मध्ये आगीत जळला, पुन्हा तसाच उभा केला. वर जायला अडीच-तीन तास धरा. घोडा अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंतच मिळतो. शेवटी शेकडो पायऱ्या, आधी उतरायचं आणि धबधब्यापाशी पुन्हा चढायचं. गुडघ्याचे पट्टे आणि काठी न्या. मोबाइल खालीच ठेवावा लागतो, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. झोंगमध्येही तेच, टोपी काढायची.

आम्ही उपाहारगृहापाशीच थांबलो होतो, नवऱ्याचा श्वास लागला म्हणून. समोर कड्यावर मठ, मध्ये दरी, दोन कप चहा. वर गेलो नाही याची खंत आज अजिबात नाही. काकांना जमलं नाही तर आग्रह करू नका.

---

घाटवळण · रविवार, दुपारी २.१०

किरकोळ उरलेलं. भूतानचं चलन नुल्ट्रम आणि आपला रुपया सारख्याच किमतीचे. २०२१ पासून भीम यूपीआय तिथे आहे, पण गावात रोखच लागते. पेट्रोल थिंफू, पारोला भरून घ्या, फोबजिखाच्या भरवशावर राहू नका. सिमकार्ड फुंत्शोलिंगलाच घ्या. थिंफूत सिग्नल नाहीत, चौकातल्या नक्षीदार छत्रीत पोलीस हातवारे करतो, त्याच्याकडे बघा. झेब्रा पट्टीवर माणूस दिसला की थांबायचंच.

---

अबोली_खारघर · रविवार, रात्री १०.१५

काल आणि आज आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर वही घेऊन हे सगळं उतरवून काढत होतो. ठरलेलं लिहिते.

बुमथांग काढलं. तोरणा, तुमचा त्रोंगसा डोळ्यांसमोर आला, पण पुढच्या खेपेला. घाटवळण यांच्या आठ रात्री जशाच्या तशा घेतल्या. हाचा मुक्काम शेवटचा, म्हणजे चेले ला मी चालवणार. नवऱ्याने ते वहीत माझ्या नावापुढे लिहून खाली रेघ मारली. ताक्त्सांगला उपाहारगृहापर्यंत दोघं, पुढचं तिथे बसून ठरवू. गाइड म्हणून बाईमाणूस मिळाली तर बघतोय. मागच्या सीटवर तिच्यासाठी उशी आणि पांघरूण ठेवायचं ठरलं.

विमा कंपनीला आज मेल केला. पुढचे दोन्ही टायर बदलणार. पुढच्या रविवारी पहाटे माळशेज, सामानाऐवजी मागे तांदळाची दोन पोती टाकून.

नेरूळचा_वारा, वडील नेमके कुठल्या वसाहतीत राहत, आठवतं का? प्रकल्पाची वसाहत चिमालाखाला आहे, रस्त्याला लागूनच आहे असं दिसतंय. खोलीचा नंबर वगैरे काही असेल तर सांगा.

---

नेरूळचा_वारा · रविवार, रात्री ११.०५

चिमालाखाच. नंबर आठवत नाही. आईने पत्रं जपून ठेवलीत, उद्या ट्रंक उघडून पाकिटांवर बघतो आणि इथेच लिहितो.